पुलाखालचा पाव्हणा

आष्ट्याच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तेव्हा अण्णांनी माझी पत्र्याची ट्रंक स्वतः उचलून डिकीत ठेवली. ही त्यांचीच पलटणीतली ट्रंक. आदल्या दिवशी तिच्यावरचं स्वतःचं नाव खरडून त्यांनी पांढऱ्या रंगात माझं घातलं होतं. नाव बारीक, गाव ठळक, खाली तालुका आणि जिल्हा. मला लाज वाटत होती. मुलाखत देऊन रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी मिळवलेली मुलगी, आणि सामान जवानाचं. आई रडत होती. अण्णा खिडकीखाली येऊन म्हणाले, “कुनी इचारलं तर आदी गाव सांगायचं, मग नाव. गाव कळलं की मानूस हरवत न्हाई.”

तुम्हा गावाकडच्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पारावर अनोळखी माणूस दिसला की आपण तीन प्रश्न विचारतो. पाव्हणं, गाव कंचं? कुनाच्यातलं? हिकडं कुनाकडं? तिसऱ्या उत्तरापर्यंत त्याची मावशी नाहीतर मेहुणा आपल्या ओळखीचा निघतो आणि त्याला चहा मिळतो. अण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि नंतर हीच त्यांची ड्यूटी होऊन बसली. स्टँडवर चुकलेल्या माणसांना त्यांनी घरी पोचवलं आहे, एकदा तर एका म्हातारीला पार पलूसपर्यंत. गावात त्यांची चेष्टा व्हायची, पण कुणी हरवलं की आधी बोलावणं त्यांनाच जायचं.

पहाटे दादरला उतरून टॅक्सीत बसले आणि फूटपाथवर ओळीनं झोपलेली माणसं दिसली, डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेतलेली. नागपंचमीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी शिराळ्यात ओसरी, देऊळ, शाळेचा व्हरांडा, जागा मिळेल तिथं माणसं आडवी होतात, तसंच वाटलं. मी टॅक्सीवाल्याला विचारलं, “इथं कसली जत्रा आहे?” तो इतका हसला की त्यानं गाडी हळू केली. पुढं वर्षभर मी ही गोष्ट लॅबमध्ये स्वतःवरचा विनोद म्हणून सांगत होते.

मग ती माणसं मला दिसेनाशी झाली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे माहीत आहे, फक्त आपण कबूल करत नाही. जाताना पाय आपोआप वळसा घेतो आणि डोळे मोबाइलवर राहतात. पण गावाकडून कुणी आलं की ती पुन्हा दिसायला लागतात. आपण पाहुण्यांना समुद्र दाखवावा, बाराव्या मजल्यावरून दिवे दाखवावेत, आणि त्यांनी विचारावं, ही बाई पोरं घेऊन दुभाजकावर का बसली आहे? घरात पाहुणे आले आणि केर काढायचा राहून गेला, तसं तोंड होतं माझं. म्हणून मी एक युक्ती काढली. माझ्या घराजवळच्या उड्डाणपुलाखाली ही माणसं राहतात, म्हणून दादरहून पाहुण्यांना आणताना पुलाखालचा रस्ता टाळायचा. पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण मुंबई बरी दिसते.

आई गेल्यावर अण्णा घरात एकटे राहिले. मीही इथं एकटीच. दोघांनी दोन ठिकाणी एकेका माणसाचा स्वयंपाक करायचा, यात मला काही अर्थ वाटत नव्हता. अण्णांनी कायमचं माझ्याकडं यावं म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागं लागले. शेवटी गेल्या दिवाळीनंतर ते महिनाभर राहून बघतो म्हणाले. मी नवी कॉट घेतली. त्यांना लांबच्याच रस्त्यानं आणलं.

पण पहाटे पाचला उठून चालायला जाणाऱ्या माणसाला कुठल्या रस्त्यानं आणलं, यानं काय फरक पडणार? चौथ्या दिवशी ते परत यायला उशीर झाला. आले ते खुशीत.

“पुलाखाली आपल्याकडचा मानूस हाय,” ते म्हणाले. “च्यावाल्याला म्हनतोय, वाईच च्या दे. वाईच म्हननारा दुसरीकडचा कसा आसंल?”

मी म्हटलं, “अण्णा, इथं असं कुणाशी बोलत नाहीत.”

“म्हनूनच पडल्यात की गं ती,” अण्णा म्हणाले.

त्या माणसानं तीन दिवस गाव सांगितलं नाही. अण्णा रोज भाकरी घेऊन जात आणि न विचारता शेजारी बसत. चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, “शिराळ्याच्या वर.” मग गावाचं नावही सांगितलं. स्वतःचं नाव शामराव. इमारतींना बाहेरून रंग द्यायचं काम करायचा. परांचीवरून पडला, हात गेला, काम गेलं, मग राहायची जागा गेली. मोडका हात घेऊन घरी कसं जायचं म्हणून वर्षभर थांबला, आणि त्या वर्षाची पंधरा वर्षं झाली. घरी धाकटा भाऊ आहे. अण्णांनी बरोबर चल म्हटलं तर म्हणाला, “हवालदार, आदी घरच्यास्नी इचारून या.”

गावाकडून अण्णांना फोन येत, मुंबई कशी काय? बारा वर्षं खपून मी जे उभं केलं त्यातलं काही तरी ते सांगतील म्हणून मी कान देऊन ऐकायची. ते सांगायचे, “मानसं रस्त्यावर हायती गड्या. लय हायती. आन कुनी गाव इचारत न्हाई.” एकदा मला राग आला. मी म्हटलं, “अण्णा, एवढंच दिसलं का तुम्हाला?” ते गोंधळून म्हणाले, “दुसरं काय बगायचं हुतं?”

विसाव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. “शामरावला घरी लावतो, मग निवांत येतो तुज्याकडं. कॉट मोडू नगंस.” मी कॉटवर नवी चादर घातली. खरं सांगते, शामरावचं काय व्हायचं ते होवो, अण्णा परत यावेत एवढंच माझ्या मनात होतं. पण आता दोन्हींची गाठ त्यांनीच घालून ठेवली होती.

आठ दिवस फोन नाही. रोज संध्याकाळी ‘रिपोर्ट’ देणारा माणूस, पण मी केला तरी दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. नवव्या दिवशी बोलले. शिराळ्याला जाऊन, तिथून दुसरी एसटी धरून, पुढं चालत ते शामरावच्या गावी गेले होते. घर पहिल्याच माणसानं दाखवलं. स्लॅबचं चांगलं घर. सोप्यात भिंतीवर शामरावचा फोटो, त्याला हार घातलेला.

भावानं पाणी दिलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आवं हवालदार, आमी लय वाट बगितली. मग दर्भाचा मानूस करून जाळला, तेरावं घातलं, सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं. आता त्यो आला तर पोरास्नी काय सांगू, ह्यो कोन?” वाईट बोलला नाही. उलट जेवल्याशिवाय सोडलं नाही. अण्णा त्या फोटोखाली बसून जेवले, कारण पाटावरून उठणं आपल्यात बसत नाही. भाऊ त्यांना एसटीपर्यंत सोडायला आला, आणि तेवढ्यात दोघांचे लांबचे पाव्हणे एकच निघाले.

“काय सांगू शामरावला?” मी विचारलं.

अण्णा म्हणाले, “सांग, हवालदारास्नी गाव सापडलं न्हाई.”

ट्रंकेवर गाव ठळक लिहून देणारा हा माणूस. मला रडू आलं. मी म्हटलं, “असू द्या अण्णा, तुम्ही तरी या.”

“तितं कुनी इचारत न्हाई,” ते म्हणाले. “हितं इचारत्यात, च्या पाजत्यात, आन परत धाडत्यात. मग पोरी, हाय तितंच बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलाखाली गेले. परदेशी पाहुण्यांची कसली तरी बैठक शहरात होती, म्हणून खांब रंगवले होते, कुंड्या मांडल्या होत्या आणि उरलेल्या जागेला हिरवं कापड लावलं होतं. शामराव नव्हता. चहावाल्यानं हातानं पुढं दाखवलं. मला दोन पूल चालत जावं लागलं.

तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता, मोडक्या हातावरून मी ओळखला. मी हवालदारांची मुलगी म्हटल्यावर आधी उठून उभा राहिला. त्याचा पहिला प्रश्न असा, “हवालदार घरी पोचलं का नीट?”

“पोचले,” मी म्हटलं. मग नजर खाली घालून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की त्यांना गाव सापडलं नाही.

शामराव हळू बोलला. “ताई, शिराळ्यावरनं वर एकच रस्ता जातोय, चुकायला जागाच न्हाई. आमच्या गावात रस्ता संपतो.” मग म्हणाला, “लय चालावं लागलं आसंल त्यास्नी. त्यास्नी म्हनावं, मी काय मनात धरलं न्हाई.”

मी त्याला डबा दिला. त्यानं घेतला. त्यानंतर दोनदा गेले, तिसऱ्यांदा तो तिथं नव्हता, आणि पुढचा पूल मी शोधला नाही.

कॉट आहे. तिच्यावर मी वाळलेले कपडे टाकते. अण्णा आता स्टँडवर जात नाहीत, पारावरही फारसे बसत नाहीत. कुणी अनोळखी आलं तर दुसरं कुणी विचारील म्हणतात. घर म्हणजे काय, हे मी पूर्वी चटकन सांगितलं असतं, तुम्ही सगळे जिथं आहात ते. आता मला वाटतं, घर म्हणजे तुमचा फोटो भिंतीवर चढायच्या आत तुम्ही पोचलात तर उघडणारं दार. ते किती दिवस उघडं असतं, ते कुणी कळवत नाही. माझ्यासाठी ते उघडं आहे ते अण्णा आहेत म्हणून, आणि अण्णा एकटे आहेत.

मे महिन्यात चुलतभाऊ मुलीला घेऊन आला. मी त्यांना लांबच्या रस्त्यानं आणलं, समुद्र दाखवला आणि त्याच रस्त्यानं दादरला सोडलं. गावी जाऊन त्या पोरीनं अण्णांना सांगितलं की मुंबई लय स्वच्छ हाय, रस्त्यावर एकबी मानूस न्हवता.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. पोरीचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “गेली का गं समदी आपापल्या घरी?”

“व्हय अण्णा,” मी म्हटलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि जेवलीस का म्हणून विचारून त्यांनी फोन ठेवला.