परातीतल्या गोळ्या

ज्या बाईवर मी दोन वर्षं पाळत ठेवली, ती आज सकाळी गेली.

शालिनीताई. दारव्ह्याच्या. हार्ट अटॅक. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पाळत ठेवली तेव्हा मी स्वतः जीप चालवायचो. आज तीन गाड्या आहेत, पण कान अजून ड्रायव्हरचेच. मागच्या सीटवर कोण काय कुजबुजतं, ते इंजिनच्या आवाजातही ऐकू येतं.

ताई दर मंगळवारी माझ्या जीपने आमच्या तांड्यावर यायच्या. मांडीवर निळा डबा. परतताना त्यात आमचं रक्त असायचं.

माझ्या धाकट्या भावाला, विलासला, टीबी झाला होता. तांड्यात आणखी दोघांना. त्यांच्या जवळच्यांना तो होऊ नये म्हणून एका नव्या गोळीचं संशोधन सुरू होतं. गोळ्या वाटायचं आणि रक्त न्यायचं काम ताईंकडे होतं. नऊ घरं त्यात होती. माझी याडी, म्हणजे आई, पण होती.

पहिल्याच दिवशी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर ताईंनी सगळ्यांना सांगितलं, "अर्ध्या डब्यांत औषध आहे, अर्ध्यांत तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाले कोणती, मले माहीत नाही. डॉक्टरलेही नाही."

मी म्हटलं, "ज्याले सोताले माहीत नाही, तो वाटून कायले राह्यला?"

लोक हसले. ताई पण हसल्या.

"उत्तमभाऊ, नवं खत आलं तर साऱ्या वावरात टाकता का? अर्ध्यात टाकता, अर्धं तसंच ठेवता. तवाच समजते ना, पीक खतानं आलं का पाण्यानं?"

"पण वावराले थोडीच माहीत असते, त्याच्यात काय टाकलं!"

"म्हणूनच तर माणसालेही सांगत नाही, भाऊ."

उत्तर बरोबर होतं. इतक्या पटकन बरोबर उत्तर देणाऱ्या माणसावर माझा जास्तच डाऊट जातो.

"मग एक गोळी आमच्यासमोर खाऊन दाखवा."

"नाही खाणार. मी यादीत नाही."

झालं. त्या दिवसापासून माझं लक्ष.

निळा डबा कुठं उतरतो, कोणाच्या हातात जातो, सगळं विचारून ठेवलं. यवतमाळ, तिथून पुढं नागपूर. गडबड काही सापडली नाही. म्हणजे गडबड मोठी असणार, असं मी धरून चाललो.

आणि मग मी माझी अक्कल लावली.

आमच्याकडे बोकड कापला की सारखे वाटे पडतात. कोणाच्या वाट्याला नुसती हाडं येत नाहीत. मी नऊही घरच्या बायांना बोलावलं.

"साधी गोळी आपल्याच नशिबी काहून? ओता साऱ्या डब्या परातीत. कालवा. सारख्या वाटून घ्या."

याडीनं स्वतःच्या हातानं कालवल्या. ताई यायच्या त्या सकाळी उरलेल्या गोळ्याही आम्ही सारख्या करून ठेवायचो. कोणाला बोलणं बसू नये म्हणून.

तिसऱ्या महिन्यात ताईंनी डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"नऊ घरं, आन् साऱ्या डब्यांत सारख्याच गोळ्या उरल्या? कोणी पाहुण्याच्या गावाले गेलं नाही, कोणी एक दिवस भुललं नाही? माणसं एवढी शिस्तीची नसतात, उत्तमभाऊ."

याडी मोठ्या अभिमानानं म्हणाली, "परातीत कालवून वाटतो ना वं बाई! कोनाले कमी नाई, कोनाले जास्त नाई."

ताई खालीच बसल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, लिहू नका. कोणाले समजते? तांडा यादीतून काढला तर याडीची तपासणी बंद होईन. ती खोकलून राह्यली."

"आन् कोणाले त्रास झाला तर कोणत्या गोळीनं झाला, हे डॉक्टरले कसं समजन? ही गोळी उद्या कुठल्या कुठल्या गावाले देतीन. ते आपल्या परातीवरून ठरवाचं का?"

परत जाताना जीपमध्ये त्यांनी साहेबांना फोन लावला. आता ही बाई आपल्याला अडकवणार, याची मला खात्री होती.

"सर, इथल्या गोळ्या एकत्र झाल्या. हो, सगळ्या. नाही सर, लोकांची चूक नाही. समजावण्यात मी कमी पडले. सगळ्यांचं रक्त आधी तपासून घ्या. आकड्यांतून तांडा काढा सर, पण तपासणीतून काढू नका. नाही. नाव नाही सांगणार."

आरशात आमची नजरानजर झाली. म्हणजे परातीची अक्कल माझी, हे ताईंना माहीत होतं.

तपासण्या सुरू राहिल्या. पुढच्या वर्षी अशाच एका तपासणीत याडीच्या फुप्फुसात डाग सापडला. वेळेत. सहा महिने औषध घेतलं, आज सुनांशी कडाकडा भांडते.

ताईंना पुढचं काँट्रॅक्ट मिळालं नाही. त्या घरी शिलाई करायला लागल्या.

मला तरी वाटायचं, ही बाई एक दिवस याच्या बदल्यात काहीतरी मागणार. बाजारात भेटल्या की मी वाट पाहायचो. त्या विचारायच्या, "याडी कशी हाय?" आणि पिशवी उचलून निघून जायच्या.

ती गोळी पुढं चालली की नाही, मला माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी कुठल्या औषधाची छातीठोक गॅरंटी देत असेल, तर मी आता एकच विचारतो. मोजलं कोणी?

आज दुपारी ताईंच्या घरी गेलो. अंगणात त्यांच्या जुन्या ऑफिसचे दोघं उभे होते. एक हळूच म्हणाला, "बाई चांगली होती. फक्त त्या एका तांड्यात तिच्याकडून घोळ झाला."

मी वळलो. म्हटलं, "तिच्याकडून नाही झाला, साहेब. माझ्याकडून झाला. मी उत्तम. तांड्याचा."

तिथं पाच-सहा जणांनीच ऐकलं. म्हणून इथंही लिहितो.

ताई, हे तुमच्या जिवंतपणी बोलायला पाहिजे होतं.

माझा आणि याडीचा, तुमच्याच शब्दांत, शेवटचा जयभीम.