साडेअकराचा मूक कॉल

ती घटना आठवली की आजही माझा हात आपसूक कानाकडे जातो. कान पकडण्यासाठीही, आणि तो कान वेळेवर वापरला नाही म्हणूनही.

मी चेन्नईत वाढलेला मराठी माणूस. वडील रेल्वेत होते म्हणून आलो आणि इथलाच झालो. तीस वर्षं पोलीस ठाण्यांमध्ये काढली. निवृत्ती जवळ आली तेव्हा मणक्यानं दगा दिला आणि खात्यानं मला नियंत्रण कक्षात बसवलं. आणीबाणीचे फोन घेणाऱ्या ऑपरेटरांवर पर्यवेक्षक! समोर हेडफोन लावलेल्या मुलींच्या रांगा, भिंतीवर किती फोन ताटकळताहेत ते दाखवणारा फलक. फोन आला की माहिती घ्यायची, गस्तीची गाडी किंवा रुग्णवाहिका रवाना करायची आणि फोन बंद करताना प्रकार नोंदवायचा. अपघात, आग, मारामारी. पलीकडून कुणी बोललंच नाही, तर ‘मूक कॉल’. तो अर्ध्या मिनिटात बंद करायचा. नियम योग्यच होता. एक लाइन उगाच अडली, तर छातीत कळ आलेला कुणीतरी ताटकळतो.

मला मात्र करमेना. आरोपी नाही, पंचनामा नाही, कुणावर डोळे वटारायची सोय नाही. म्हणून आमचे एट्टय्या, म्हणजे हवालदार, एका सकाळी कानाशी येऊन कुजबुजले तेव्हा मला केवढी तरतरी आली!

“अय्या,” (इकडे साहेबांना असंच म्हणतात) “सातव्या खुर्चीवरची मुलगी. रोज साडेअकराला तिला एकाच नंबरवरून फोन येतो. चार-पाच मिनिटं बोलते. हसतेसुद्धा. आणि नोंद करते ‘मूक कॉल’.”

“रोज तिच्याच खुर्चीवर कसा येईल?”

“कुणाच्याही खुर्चीवर येऊ दे, बाकीच्या मुली तिच्याकडे वळवतात.”

म्हणजे टोळीच! मी खुर्चीत सरसावून बसलो.

मुलगी कंत्राटी होती, तंजावरकडची. कंत्राटाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं आणि ते माझ्या शेऱ्यावर अवलंबून होतं. शेरा मी मनात लिहूनही टाकला. पुरावा तेवढा हवा होता. दोन दिवस साध्या वेशात तिच्यावर पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी वर्तमानपत्राआड उभा असताना ती दोन पेले घेऊन समोर आली. “अय्या, तुमचा बिनसाखरेचा ना? पेपर उलटा धरलाय तुम्ही.”

अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. मी त्या नंबराला त्रास देणाऱ्यांच्या यादीत टाकलं. यादीतल्या नंबरवरून फोन आला की ऑपरेटरऐवजी ‘गैरवापर हा गुन्हा आहे’ अशी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी मुलीला केबिनमध्ये बोलावलं.

“कोण आहे तो?”

“कोण, अय्या?”

“साडेअकरावाला.”

ती म्हणाली, “तो नाही. दोघं आहेत.”

“दोघं!” मी वहीत लिहून घेतलं.

तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. आरोपी घड्याळ पाहू लागला की बाहेर साथीदार वाट पाहत असतो, हा माझा ठाण्यातला अनुभव. मी मुद्दाम सावकाश प्रश्न विचारत राहिलो. पावणेबारा वाजले तशी ती उठली.

“अय्या, फोन आला का, एवढंच बघून येते.”

“येणार नाही. काल मी तो नंबर यादीत टाकलाय.”

तिचा चेहरा उतरला. मग जे झालं ते माझ्या केबिनमध्ये कधी कुणी केलं नव्हतं. तिनं टेबलावर हात आपटला. “मग ते बरे आहेत की पडलेत, मला कसं कळणार? कंत्राट काढून घ्यायचं तर घ्या, पण आधी गाडी पाठवा! रेकॉर्डिंग तरी ऐकलंत का तुम्ही?”

रेकॉर्डिंग.

अख्ख्या शहरात जिथे प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होतो, त्या खोलीत बसून मी तीन दिवस वर्तमानपत्राआड लपलो होतो. सगळा पुरावा माझ्या टेबलापासून वीस पावलांवर पडून होता.

गाडी पाठवायला सांगून आदल्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आधी एका म्हाताऱ्याचा तमिळमधला खणखणीत आवाज आला, ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाचा असतो तसा. “आहोत. दोघंही आहोत.” मग फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज, आणि एका आजींची चक्क मराठी.

“बाळ, जेवलीस का गं?”

“जेवलें, आई. तुम्ही गोळी घेतलीत की?”

तमिळ हेल आणि आपल्या पणजीच्या तोंडची वाटावी अशी मराठी. तीन महिने मी या मुलीला तमिळमध्ये हुकूम सोडत होतो. ती तंजावरी मराठी घरातली आहे, हे मराठी असून मला माहीत नव्हतं.

बाकीचं तिनं सांगितलं. शोळिंगनल्लूरच्या एका टॉवरमध्ये ते जोडपं राहत होतं. आजोबा संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा परदेशी. आजींची स्मृती ओसरत चालली होती. चाळीस वर्षं बोललेली तमिळ गेली, तिची नावनिशाणी उरली नाही. मराठी तेवढी राहिली. वर्षभरापूर्वी आजोबा न्हाणीघरात पडले. त्यांनी कसाबसा लावलेला फोन या मुलीनं घेतला आणि गाडी पोचेपर्यंत ती आजींशी बोलत राहिली. तेव्हापासून ठरलेलं होतं. अंघोळ सुखरूप झाली की साडेअकराला फोन करायचा. बारापर्यंत आला नाही, तर तिनं गाडी पाठवायची. आजी तिला आपली मुलगी समजत. मुलगी त्यांना कधी नव्हतीच.

बारा वाजून गेले. वायरलेसवर गस्तीचा हवालदार बोलू लागला. “घंटा वाजवली, दार उघडत नाहीत. आतून बाईंच्या रडण्याचा आवाज येतोय. काही सांगताहेत, भाषा कळत नाही.”

मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती.

“फोडा दार,” मी म्हणालो.

मधली दोन मिनिटं मला ठाण्यातल्या तीस वर्षांएवढी गेली.

“अय्या, दार फोडलं. बाई ठीक आहेत. आजोबा गॅलरीत बसलेत, त्यांना दार फोडल्याचंही ऐकू आलं नाही.”

“करताहेत काय?”

“फोन लावताहेत. पुन्हा पुन्हा.”

“कुणाला?”

“आपल्यालाच, अय्या.”

मागे ती मुलगी खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

संध्याकाळी सुतार घेऊन मी स्वतः गेलो. आजींच्या सांगण्याचा अर्थ तिथे कळला. त्या नकळत घराबाहेर पडतात म्हणून किल्ली आजोबांच्या गळ्यात असते, हेच त्या दाराआडून सांगत होत्या. मला मराठी बोलताना ऐकून त्यांनी निरखून पाहिलं.

“तूच का रे तो? आमच्या पोरीला फोनवर बोलू देत नाहीस?”

तीस वर्षांत इतकं अचूक आरोपपत्र मी पाहिलं नव्हतं. “मीच, आई. चुकलं माझं.” गुन्हा कबूल करून टाकला.

आणीबाणीची लाइन आम्ही मोकळी केली, ते करायलाच हवं होतं. घर स्थानिक ठाण्याच्या यादीत घातलं, बीटचा शिपाई फेरी मारू लागला. मुलीचं कंत्राट वाढलं. शेऱ्यात मी लिहिलं, ‘ऐकते.’ जागा तेवढीच होती. आणि तिच्या चहाची सुट्टी मी कायमची साडेअकराला करून टाकली. तो फोन आता तिच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो.

माणसाला बोलतं कसं करायचं, हे मी नोकरीभर शिकलो. समोरचा जे आधीच बोलून गेलाय ते ऐकायला मात्र निवृत्तीच्या तोंडावर शिकलो, तेही एका कंत्राटी मुलीनं टेबल आपटल्यावर.

तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फोन माझ्याकडे येतो. आजींनी मला जावई ठरवून टाकलंय.

“पोरीला सुट्टी दिलीस ना?”

“दिली, आई.”

“आणि तू जेवलास का?”

साडेअकराला कोण जेवतं? पण दर आठवड्याला मी ‘जेवलो’ असाच खोटा जबाब देतो. अजून पकडला गेलेलो नाही.