आईच्या कपाळावरची चकाकी

रविवारी आईला खुर्चीवर बसवलं. सोमवारी ती गेली.

खुर्ची दादरच्या एका फ्लॅटमधली. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून आई त्या घरी स्वयंपाक करायची. इतक्या वर्षांत ती तिथे खुर्चीवर बसली नव्हती. कोणी मनाई केली होती असं नाही. तसा प्रश्नच कधी आला नाही. ओट्याला टेकून, जमिनीवर बसून ती जेवायची आणि ताट घासून पालथं घालायची.

त्या घरच्या मॅडम चित्रकलेच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. पेन्सिलने हुबेहूब चेहरे काढायचा. वर्गात एक दाताच्या डॉक्टर होत्या, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, कॉलेजातल्या मुली होत्या. आणि मी होते.

मी गिरगावात एका वाचनालयात नोकरी करते. तिथे पेपर वाचत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी जुन्या चिठ्ठ्यांच्या मागे काढायची. नाक नाकासारखं यायचं, डोळे डोळ्यांसारखे यायचे, पण सगळं मिळून भाजलेल्या पापडासारखं सपाट. छटा कशा द्यायच्या, सुरकुतीची रेघ न होता सुरकुती कशी दिसेल, हे मला शिकायचं होतं. मला विचारायचं धाडस नव्हतं. आईनेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पाठवा ना. मावशींची मुलगी म्हणजे घरचीच."

पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला माझी ओळख करून दिली. "ही आमच्या मावशींची मुलगी. पण वाचते हं खूप."

त्यातला 'पण' मी घरी घेऊन गेले.

मावशीची मुलगी म्हणजे बहीण. त्या हॉलमध्ये सगळेच आईला मावशी म्हणायचे. बहीण मात्र मी कोणाचीच नव्हते. आईचं नाव प्रभावती. ते त्या घरात कोणाला माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मॅडम शिकवायच्या चांगलं. हे लिहायलाच हवं. बोटाने चोळू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि मग त्यावर पेन्सिल चढत नाही. ओठांना कड नसते, वरचा ओठ सावलीत असतो, एवढंच. केस एकेक काढू नका, आधी अंधार काढा. आणि सगळ्यात आधी, प्रकाश कुठून येतो ते ठरवा. ते ठरलं की अर्धा चेहरा झाला. मी हे सगळं मनात साठवून डिलाईल रोडला घरी यायची आणि रात्रीच्या भांड्यांआधी कागद घेऊन बसायची. माझे चेहरे हळूहळू कागदावरून उठायला लागले. आई वाकून बघायची. "आता माणूस दिसता गो," म्हणायची.

त्या रविवारी चित्रासाठी ज्यांना समोर बसायचं होतं ते आजोबा आले नाहीत. मॅडमनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "मावशी, जरा येता का? हात पुसून या."

आई पदराला हात पुसत आली. मॅडम म्हणाल्या, "बसा." आईने जमिनीकडे पाहिलं.

"खाली नाही हो! खुर्चीवर."

सगळे हसले. प्रेमाने हसले, असंच कोणीही म्हणेल.

"बाई, गॅसवर डाळ हाय."

"बंद करून या. आज उशिरा जेवू."

आई बसली. खुर्चीच्या कडेवर. मॅडमनी तिच्या खांद्यांना धरून तिला मागे सरकवलं, हनुवटी खिडकीकडे वळवली, "हलू नका" म्हणाल्या. मग ब्रशचा दांडा घेतला आणि आईच्या चेहऱ्यापाशी धरून शिकवायला लागल्या.

"असा चेहरा मिळत नाही हं. आपल्या घरातले चेहरे कसे, गुळगुळीत. काढायला काही नसतंच. हे बघा. गालाखाली खड्डा. इथे वांग. हा डाग फोडणीचा, हो ना मावशी? आता स्किन डार्क आहे, पण घाबरायचं नाही. नवीन माणूस इथेच चुकतो. टू बी पेन्सिलवर थांबतो. त्याहून काळी, सिक्स बी घ्या."

"सिक्स बी कसली मॅडम, एट बी लागेल," बँकेचे गृहस्थ म्हणाले.

हशा. आईसुद्धा हसली. तिला ते कळलं नव्हतं, की कळूनच हसली, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी शेवटच्या रांगेत होते. कान तापले होते. मान वर करवत नव्हती. पण चेहरा काढायचा तर बघावं लागतं. मी बघितलं. आईकडे एवढा वेळ सलग मी कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक जागा बिनकेसांची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी ती काढली. गालाचा खड्डा काढला. पातळ, एकावर एक, शिकवलं होतं तसं. चांगलं येत होतं. लाज वाटत होती आणि हात चालत होता.

मग आईने उजव्या हाताने डावं कोपर धरलं. ओठांचा रंग उतरला. कपाळ चमकायला लागलं.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "आता सगळ्यांनी कपाळ बघा. अशी संधी येत नाही. पांढरं काही लावायचं नाही. आधी पूर्ण कपाळ पेन्सिलने भरा. मग मऊ रबर कणकेसारखं मळून चिमटीत टोकदार करा आणि टिपा. घासू नका, टिपा. ओलावा असा येतो."

हॉलमध्ये सगळे रबर मळायला लागले.

हॉलमध्ये एसी चालू होता. माझ्या शेजारी ओवी बसायची, वर्गातली सगळ्यात चांगला हात असलेली मुलगी. तिने शाल गुंडाळून घेतली होती. त्या थंडीत आईच्या कपाळावर, वरच्या ओठावर थेंब उभे होते.

मी म्हणाले, "आई, काय होतंय?"

"काय नाय गो. बस तू."

मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "डिस्टर्ब करू नकोस. पोझ मोडेल. मावशी, थोडंच राहिलंय हं."

आई हलली नाही. त्या घरात सांगितलेलं सगळं तिने केलं होतं. हलू नका सांगितलं. ती हलली नाही.

मी उठले. मांडीवरचा बोर्ड पडला, पेन्सिली लोकांच्या पायात गेल्या. आईचा हात धरला तर गार. ओला.

"ऊठ."

"अगं, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"ती उठतेय."

माझा आवाज त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच एवढा मोठा निघाला. मागून बँकेचे गृहस्थ म्हणाले, "पाच मिनिटं तर होती." ते वाक्य मी विसरणार नाही.

दारात आई थांबली. मागे वळून म्हणाली, "बाई, डाळीत मीठ घालायचं राहिलंय."

टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होतोय? मला अचूक माहीत होतं. कपाळ चमकायला लागल्यापासून. अख्ख्या वर्गाला माहीत होतं. सगळ्यांनी ते काढून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी ती गेली.

मालवणहून मामा आले. दिवस करायचे तर फोटो हवा. आईचा धड फोटो नव्हता. जिथे तिथे ती दुसऱ्याच्या मागे, नाहीतर वाढताना, तोंड ताटाकडे. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती दचकलेली. लालबागच्या स्टुडिओवाल्याने तोच घेतला आणि कॉम्प्युटरवर करून दाखवला. मान आईची, खाली कोणा दुसऱ्याच बाईचे खांदे, हिरवी पैठणी, गळ्यात कधी न घातलेला हार. रंग गोरा.

"अशेच करतत सगळे," मामा म्हणाले. ते खरं होतं. आमच्या चाळीत भिंतीभिंतीवर असे गोरे मेलेले आहेत. मी नको म्हटलं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मॅडम आल्या. बरोबर ओवी. आमच्याकडे एक प्लास्टिकची खुर्ची आहे. मामांनी ती पुसून मॅडमना दिली. ओवी उभी राहिली.

मॅडमचे डोळे भरून आले. खोटे नव्हते. "घरच्याच होत्या गं," म्हणाल्या. मग ओवीने पिशवीतून फ्रेम काढली.

आई होती. अगदी आई होती. भुवईतली बिनकेसांची जागा, वांग, फोडणीचा डाग. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली छटा. आणि कपाळावर, ओठावर, थेंब. एकेक टिपलेला. प्रत्येक थेंबाखाली त्याची बारीक सावली.

"घाम बघ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हे शिकवून येत नाही. ही प्रिंट तुला. मूळ चित्र वर्गाच्या प्रदर्शनात लावतोय. आणि मावशींच्या नावानेच लावतोय हं."

मी फ्रेमची खालची पट्टी वाचली. 'मावशी. कागदावर पेन्सिल.'

"हे तिचं नाव नाही," मी म्हणाले.

मॅडम थांबल्या. मग नाव काय, ते विचारलं नाही.

"आणि तो घाम नाही, मॅडम. ती मरत होती."

ओवीने तोंडावर हात ठेवला. मॅडमनी खुर्चीचा हात धरला. "आम्हाला काय माहीत गं? तुला तरी कळलं का?"

"मी उठले होते."

"ते झालंच. पण चित्राचा काय दोष?"

"मूळ चित्र लावू नका. ते मला द्या."

"असं कसं देता येईल? चेहरा मावशींचा असला तरी काम ओवीचं आहे. तिच्या कष्टांचा तरी विचार कर."

कष्ट. माझ्या आईच्या घरात बसून तो शब्द त्यांनी वापरला. मी ओवीकडे पाहिलं. ती खाली बघत राहिली.

मी फ्रेम परत पिशवीत घालायला लागले तर मामांनी ती माझ्या हातातून घेतली. लांब धरून बघितली.

"बरी काढलीहा गो. अगदी परभा. ठेव. फोटो नाय तर हार खयं घालूचो?"

"मामा, ह्यात आईक बरा नाय."

मामांनी परत पाहिलं. बराच वेळ. मग चष्मा काढला, फ्रेम स्वतःच पिशवीत घातली आणि पिशवी मॅडमच्या पायाशी नेऊन ठेवली. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या बाईंची वस्तू अशी परत केली नसेल.

बाराव्याला भिंतीपाशी दिवा लावला. फोटो नव्हता. हार ताटातच राहिला. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या.

प्रदर्शन झालं. मी गेले नाही. वर्गातल्या डॉक्टरबाई वाचनालयात आल्या होत्या, त्या म्हणाल्या की त्या चित्रासमोर लोक थांबत होते, जवळ जाऊन थेंब बघत होते. आता ते मॅडमच्या हॉलमध्ये लावलंय. म्हणजे आई परत त्याच घरात आहे. स्वयंपाकघरातून काढून हॉलमध्ये. आणि तिला अजून बरं वाटत नाहीये. त्या चित्रात तिला कधीच बरं वाटणार नाही. हे मनात आलं की मी हातातलं पुस्तक मिटते आणि परत कुठे होते ते सापडत नाही.

म्हणून मी तिला काढायला बसले. रोज बसते. त्या दिवशीचा माझा कागद तिथेच राहिला, तेव्हा नव्याने. सगळं येतं. गाल येतो, भुवई येते. कपाळापाशी हात फसतो. मी भरते, आणि हात आपोआप रबर चिमटीत घेतो, आणि टिपतो. शिकवलेलं हात विसरत नाही. एक ठिपका उमटला की आई परत त्या खुर्चीवर. मी ते कागद फाडले. किती, ते मोजत नाही. कधी वाटतं की मला तिचा दुसरा चेहरा आठवतच नाही, त्यांनी तो कायमचा घेतला. अशा दिवशी मी जेवत नाही.

मग एका सकाळी कागदाकडे बघताना कळलं की मी सावली उजवीकडे देतेय. प्रत्येक वेळी उजवीकडे. म्हणजे उजेड डावीकडून. डावीकडे त्या हॉलची खिडकी होती. मी माझ्या घरात बसून, माझ्या आईला, त्यांच्या खिडकीच्या उजेडात काढत होते.

प्रकाश कुठून येतो ते आधी ठरवा.

मी ठरवलं. आमच्या खोलीला एकच दार आहे, गॅलरीत उघडणारं. सकाळी कामाला निघण्याआधी आई त्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. उजेड समोरून, थोडा खालून, गॅलरीच्या लादीवरून परतून यायचा. हनुवटीखाली सावली पडायची नाही. डोळे खाली असायचे. गाणं वगैरे म्हणायची नाही, ओठ नुसते हलायचे. मला आठवतं. ते कोणी घेतलेलं नाही.

आता सगळ्या छटा बदलाव्या लागतील. गालाचा खड्डा उथळ होईल. वांग राहील. फोडणीचा डाग राहील. रंग तिचाच राहील, एट बी लागली तर एट बी. मी एका जागीही तिला उजळवणार नाही आणि कोणाच्या अभ्यासासाठी काळीही करणार नाही. त्या हॉलमध्ये मी परत पाय ठेवणार नाही. पण तिथे शिकलेलं काहीही टाकणार नाही. ते माझ्या आईच्या बदल्यात शिकलेलं आहे. आणि मी कोणालाही समोर बसवून म्हणणार नाही, हलू नका.

मूळ चित्र त्यांच्या भिंतीवर आहे. माझं अर्धं झालंय. कपाळ राहिलंय. ते मी कोरडं काढणार आहे.

खाली नाव आधीच लिहून ठेवलंय. प्रभावती.