छातीवरचा नंबर

स्कीच्या शर्यतीच्या बक्षिसाचा कार्यक्रम चालू होता. बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. मी गालिच्याच्या बाहेर उभा. खांद्यावर सायबाच्या भाच्याच्या स्की. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि सायबाला विचारलं, हा मुलगा तर सकाळी सगळ्यांच्या आधी खाली आला होता, किती छान आला, मग याचा कितवा नंबर?

साहेब हसला. म्हणाला, "मैडम, यह रेस में नहीं था। यह तो हमारा झाड़ू है। आगे-आगे फिरता है।"

पाहुणे हसले. भाचा हसला. चहा वाटणारेही हसले. आणि मीही हसलो.  स्कीची धार मानेत रुतून राहिली होती. रुतू दिली.

त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आता मी गावी, सौंसरात बसून हे लिहून राहिलो. सातवी नापास माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं तर तो मधे-मधे गोडवा टाकतो. एक गोष्ट आधीच सांगतो. या सायबाला मी अहो-जाहो लिहिणार नाही. लय वर्षं केलं.

सौंसरचा माणूस बर्फात कसा गेला? संत्र्याच्या ट्रकवर गेला. मी क्लीनर होतो. माल घेऊन पार वरच्या पहाडात गेलो अन् बर्फ पडून रस्ता बंद झाला. तिथं एका सकाळी डोंगरावरून एक माणूस खाली येताना पाहिला. पडला म्हणावं तर उभा होता. उभा म्हणावं तर डोळा त्याच्यावर ठरत नव्हता. रस्ता उघडला, ट्रक निघाला, ड्रायव्हर हॉर्न मारून-मारून थकला. मी गेलो नाही.

तिथं स्की शिकवायची एक संस्था होती. साहेब तिचा मुख्य. मला नोकरी भेटली. पाहुण्यांच्या स्की वाहायच्या, त्यांना इस्त्रीनं मेण लावायचं, लिफ्टवर बसताना म्हाताऱ्यांना हात द्यायचा. संध्याकाळी सगळे गेले की मी फेकलेल्या स्की पायाला बांधायचो. एक लांब, एक आखूड. संस्थेतल्या म्हाताऱ्या उस्तादानं ते पाहिलं, दोन शिव्या दिल्या आणि जोडीच्या स्की दिल्या. शिकवलं त्यानं. सायबानं नाही. हे नीट वाचा, पुढं कामाचं आहे.

डाउनहिल म्हणजे वळणं घेत मजेत उतरणं नाही. डोंगराच्या डोक्यावरून सरळ सुटायचं. उकिडवं बसायचं, कोपरं गुडघ्याला, मान खाली, अन् स्वतःला सोडून द्यायचं. बर्फ मऊ नसतो, काचेसारखा असतो. जो भिऊन उभा झाला तो हरला. मला भीती वाटायची. पण खाली पोचल्यावर जे वाटायचं ते मला गावात कधी वाटलं नव्हतं. तिथं कोणी माझ्या पुढं नसायचं. वर कोणी नसायचं.

पहिल्या वर्षी मी सायबासाठी नुसता "लड़का" होतो. मग एक दिवस खोलीची तपासणी झाली. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून निळ्या कोटातला फोटो चिकटवला होता. सायबानं फोटो पाहिला, मला पाहिलं, झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये माझा कप खिडकीत वेगळा राहायला लागला. आणि मी "तुम लोग" झालो. एकटाच होतो, तरी तुम लोग.

शर्यतीच्या आधी एक जण रस्त्यावरून पुढं सोडतात. कुठं बर्फ फाटला, कुठं झेंडी पडली, घड्याळ चालू आहे की नाही, हे त्याच्या जिवावर पाहून घेतात. तो सुखरूप उतरला की मग खरी शर्यत सुरू. त्याच्या छातीवर नंबर नसतो. त्याची वेळ धरत नाहीत. आम्ही त्याला आगेवाला म्हणायचो. दरवर्षी मीच आगेवाला. दरवर्षी मी नंबर मागायचो आणि साहेब म्हणायचा, अगले साल. त्याच रस्त्यावरून मागून भाचा यायचा आणि बक्षिसाची ढाल घेऊन जायचा. माझ्यापेक्षा हळू यायचा. हे मला माहीत होतं, उस्तादाला माहीत होतं, भाच्यालाही माहीत होतं. अन् त्या बक्षिसाच्या दिवशी मी झाडू झालो.

पुढच्या हिवाळ्यात मोठी शर्यत होती. खाली शामियाना, पाहुणे, बँड. सायबानं मला वर पाठवलं. मी सुटलो. अर्ध्यावर एक मोठं वळण आहे, तिथून खालच्यांना सगळं दिसतं. वळणाच्या आधी बर्फावर माझी एकट्याची सावली पडलेली दिसली, अन् मला माझा बाप दिसला.

लोधीखेड्याकडं एका बागाइतदाराची विहीर होती. गाळ काढायचा असला की आधी माझ्या बापाला कंदील देऊन खाली सोडायचे. कंदील विझला तर हवा वाईट. नाही विझला तर मग बाकीचे उतरायचे. विहीर साफ झाली की बाप काठापासून दूर बसायचा, ओंजळ धरून. वरून पाणी ओतायचे. लहानपणी मला वाटायचं, बाप सगळ्यात धाडसाचा, म्हणून त्याला पहिलं सोडतात.

मी थांबलो. इतक्या जोरात थांबलो की बर्फाचा फवारा उडाला. स्की काढल्या, रस्त्याच्या मधोमध रोवल्या. आणि खाली बसलो.

आगेवाला उतरत नाही तोवर शर्यत सुटत नाही. वर सगळे नंबरवाले थंडीनं काकडत उभे. खाली बँड वाजून-वाजून बंद पडला. मागच्या कड्यावर ढग यायला लागले होते. ढग खाली आले की शर्यत रद्द, हे पोट्ट्यालाही कळत होतं.

उस्ताद धापा टाकत चढून आला. हातात वायरलेस. म्हणाला, "उठ जा बेटा, नौकरी जाएगी।"

मी म्हणालो, "मुझे नंबर चाहिए।"

वायरलेसवर सायबाचा आवाज आला. पोलीस बोलावतो म्हणे. मी उस्तादाच्या हातातलं यंत्र घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सायबाला उलटून बोललो. म्हणालो, "बुलाइए। पुलिस को भी यहाँ तक चढ़ना पड़ेगा।"

उस्ताद तोंड फिरवून हसला.  खाली पाहुणे खुर्च्यांवरून उठून उभे राहिलेले दिसत होते. ढग कड्यावरून घसरून राहिले होते. माझी बैठक ओली झाली, पाय बधिर झाले, पण मी हललो नाही. दे त्याला एक नंबर, असं साहेब शेवटी यंत्रातून उस्तादाला म्हणाला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

आम्ही दोघं पुन्हा वर गेलो. त्या दिवशी माझ्या जागी उस्ताद आगेवाला झाला. त्या वयात. माझ्यासाठी.

मला सगळ्यात शेवटचा नंबर दिला. शेवटी जाणाऱ्याला रस्ता उरत नाही, आधीच्यांनी खोदून नाल्या पाडलेल्या असतात. छातीवर ते कापड मी दोनदा सोडून पुन्हा बांधलं, नंबर सरळ दिसावा म्हणून. सुटलो. नाल्यांत हाडं खिळखिळी झाली. एकदा एका पायावर आलो. खाली पोचलो. तिसरा आलो. भाचा पाचवा.

मी घड्याळाकडं पाहिलं नाही. सायबाच्या तोंडाकडं पाहिलं. फार गोड लागलं. खोटं कशाला लिहू?

नोकरी त्याच आठवड्यात गेली. दुसऱ्या पहाडातल्या एका क्लबानं मला घेतलं. गुडघा फुटेपर्यंत मी तिथून खेळलो. किती पदकं आली ते विचारू नका, घरात आहेत. मला एवढंच आठवतं की भाचा ज्या-ज्या शर्यतीत होता त्या प्रत्येक शर्यतीत मी त्याच्याच मागं लागलो. पहिला येण्यापेक्षा तो माझ्या मागं येणं मला जास्त पाहिजे होतं. लोक म्हणतात खेळात वैर नसावं. ज्यांना नंबर मागावा लागला नाही ते म्हणतात.

गुडघा गेला, सौंसरला आलो, संत्र्याच्या पेट्या भरल्या, पोरं शिकवली. गावात मला बर्फवाला म्हणतात. नव्या माणसाला वाटतं मी बर्फाचे गोळे विकत होतो. मी सांगायला जात नाही.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. आता तोही बुढा. आप-आप करून बोलला. म्हणाला, मामाजींचा सत्कार आहे, सगळे जुने खेळाडू येऊन राहिले, तुम्हीही या, तिकीट पाठवतो. आणि मग म्हणाला, "आप तो मामाजी की खोज हो। दो शब्द बोल देना।"

खोज. म्हणजे सायबानं मला शोधून काढलं.

फोन ठेवला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तो बुढा आज हाय, उद्या नाई. तुमचं अजून संपलं नाई का?" पोरगा पांढुर्ण्याला नोकरीत आहे, तो रविवारी आला. त्यानं समजावलं, "बाबा, जाऊ द्या ना. आता कायले?" चांगला पोरगा आहे. त्याला कोणी पुढं सोडलं नाही अजून, म्हणून त्याला सोपं वाटतं.

मी म्हणालो, "मी जातो. तिकीट माह्या पैशाचं."

माफी द्यायला जात नाही. मागायला तर नाहीच. माझं बोलणं तयार आहे. शिकवलं कोणी, झाडू म्हटलं कोणी, कप खिडकीत कोणी ठेवला, नंबर कसा घेतला, सगळं त्या स्टेजवर उभं राहून सांगणार. त्याच्या नातवंडांसमोर. मेलेल्या माणसाबद्दल बोललेलं मला चालणार नाही. तो समोर खुर्चीत बसलेला पाहिजे. म्हणून मला घाई आहे. म्हणून मी रोज सकाळी मनातून म्हणतो, साहेब जगला पाहिजे, मी पोचेपर्यंत तरी जगला पाहिजे.

काल भाच्याला फोन करून येतो म्हटलं. त्याला आनंद झाला. म्हणाला, एक अडचण आहे, मामाजींना आता कमी ऐकू येतं.

मी मोठ्यानं बोलीन.