बेलाची एक फांदी

देवरेकाकूंचा फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. काकू आमच्या शेजारच्या. एरवी फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की फोनची गरजच नाही. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या, "सुषमा, निघ तू. आई बसल्या जागी गेली गं..." मागच्या दारी, कागदी लिंबाच्या झाडासमोरच्या पायरीवर आई बसलेली सापडली. शेजारी अर्धा चहा तसाच होता. आईनं चहा अर्धा टाकला, असं माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच झालं. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता दीड महिना झाला. तो कप धुवायला मी चार दिवस लावले होते.

आई भारी हौशी. घरातल्या टीव्हीला, मिक्सरला, माठाला, सगळ्यांना तिनं क्रोशाची झाकणं विणली होती. बाबा ओझरच्या कारखान्यातून दमून आले तरी म्हणायचे, "मी एका जागी फार वेळ बसत नाही, नाहीतर मलाही घालशील." बाबा गेल्यावर विणकाम कमी झालं आणि बाग वाढली. श्रद्धेचं म्हणाल तर रोज सकाळी आंघोळ करून बुद्धवंदना, पंचशील, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात. पण आम्ही पंचशील म्हणायचो आणि ती ते वापरायची, हा फरक होता. आता पहिलं शील सांगतं की जीव मारू नये, आणि लिंबाच्या झाडावर तर दर पावसाळ्यात अळ्या! कोवळं पान म्हणून शिल्लक ठेवायच्या नाहीत. आईनं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला सुईनं भोकं पाडली आणि एकेक अळी पानासकट उचलून मोकळ्या प्लॉटवर सोडायला लागली. मग तिला वाटलं, तिथं या खाणार काय? कुठून तरी तिला कळलं की या अळ्यांना बेलाचं पान चालतं. देवरेकाकूंचा बेल रस्त्यावर झुकलेला होता. झालं!

काकू दर सोमवारी महादेवाला बेल वाहतात. श्रावणात त्या फाटकात उभ्या राहून अख्ख्या कॉलनीला ऐकवत होत्या, "अख्खं पान म्हणून राहिलं नाही माझ्या बेलाला! वाहू काय मी देवाला?" आई चपला घालून गेली आणि म्हणाली, "ताई, त्या अळ्या मीच सोडल्या." काकूंनी फाटक लावून घेतलं. चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी त्यांनी रस्त्याकडच्या एका फांदीला लाल चिंधी बांधली आणि आईला बोलावून सांगितलं, "ही फांदी तुमची. बाकी झाडाला हात लावायचा नाही." आई म्हणाली, "मी नाय लावणार. पण अळ्यांना तुम्ही सांगा." त्या दिवशी दोघींनी आमच्या ओट्यावर चहा घेतला.

आता जे मला सांगायचं आहे ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आई दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला गेली. झाडाला इतक्या वर्षांत धड लिंबू लागलेलं नव्हतं आणि मला त्या झाडाचा, खरं तर त्या डब्याचाही, कंटाळा आला होता. पेठ रोडवरच्या दुकानातून द्राक्षवाले मारतात तसलं औषध आणलं आणि मारलं. दुसऱ्या दिवशी झाडाखालचं सगळं झाडून टाकलं. आई आल्या आल्या मागच्या दारी गेली. "अळ्या कुठं गेल्या गं?" मी म्हटलं, "पाखरांनी खाल्ल्या असतील." बिचाऱ्या पाखरांच्या माथी मारलं. दुसऱ्या दिवसापासून तांब्याभर पाणी आणि फडकं घेऊन झाडाचं एकेक पान पुसत बसली. मला वाटलं, धूळ पुसते आहे.

पण माझं मला खाऊ लागलं. सकाळी तिच्याशेजारी बसून पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, मी नुसते ओठ हलवायचे. मग मी शाळेच्या घाईची सबब सांगून वंदनेला बसणंच सोडलं. महिन्याभरानं एका रविवारी झाडावर चार अळ्या दिसल्या. मी लहान मुलीसारखी ओरडले, "आई, आल्या गं!" आई चष्मा सावरत म्हणाली, "आल्या खऱ्या." मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा वंदनेला बसू लागले. खरं काय ते सांगू कधीतरी, म्हणून ठेवून दिलं... आणि ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात काकू वाटीभर पिठलं घेऊन आल्या तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं आणि रडले. काकू म्हणाल्या, "तिला माहीत होतं. डबा घेऊन आली होती माझ्याकडं. म्हणाली, ताई, चार अळ्या द्या. मी म्हटलं, हे काय उलटं? तर म्हणे, पोरीनं औषध मारलंय, आता वंदनेला बसत नाय, जेवणात लक्ष नाय. झाडावर जीव दिसला की तिच्या जिवाला बरं वाटंल." पिठल्याची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आणि मला बजावलं, सुषमानं आपणहून तोंड उघडलं तरच बोला."

मला आईचा रागही आला. तीन वर्षं वाट पाहिलीस, एकदा कान धरला असतास तर काय बिघडलं असतं? मग आठवलं, "आल्या खऱ्या" एवढंच ती म्हणाली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं.

डबा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आज सकाळी वंदना केली, चौथं शील मोठ्यानं म्हटलं. झाडावर पाच अळ्या होत्या, त्या डब्यात घेऊन बेलाकडे गेले. फांदीवरची चिंधी पार विटली आहे. काकू फाटकातून बघत होत्या. "किती आणल्यास?"

"होत्या तेवढ्या सगळ्या."

"सगळ्या नाही आणायच्या," काकू म्हणाल्या. "तू औषध मारलंस, त्यानंतर तुझी आई एक नेहमी मागं ठेवायची. तू उठलीस की तुला दिसावी म्हणून."

मी एक अळी डब्यातच ठेवली आणि घरी परत घेऊन आले.