सीटखालचं जाळं

रंभाबाईला अक्षरं सहीपुरती येत होती, पण गाठ वाचता येत होती. जाळ्यावरून बोटं फिरवली की ते कुणी विणलं, घाईत विणलं की निवांत, विणताना घरात भांडण चालू होतं का, हे सगळं ती सांगायची, आणि शेवटचं सांगताना मुद्दाम सुनेकडे बघायची. नागभीडपासून सात-आठ किलोमीटरवर, तलावाला टेकून असलेल्या त्या गावात ढिवरांची तीसेक घरं. त्यातल्या निम्म्या घरांची जाळी तिच्या हातची. वय बावन्न, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. तिच्यासमोर कुणी रडगाणं सुरू केलं की ती उठून कोंबड्या हाकायला जायची, मग दारात कोंबड्या असोत की नसोत.

यंदा धान चुरून झालं आणि तिच्या मुलानं, हेमराजनं, गडचांदूरहून एक जुनी व्हॅन आणली. आणली म्हणजे दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. पत्र्याला भोकं, सरकतं दार सरकायला राजी नाही, आणि पोटात सिमेंटची एवढी धूळ की पहिल्या दिवशी झाडून सून रीता पांढरीफटक बाहेर आली, तेव्हा पाच वर्षांच्या आचलनं स्वतःच्या आईला ओळखलं नाही. ती किंचाळत आजीच्या लुगड्यात शिरली. सकाळी मासळी आणि दिवसभर गावातली माणसं नागभीडला न्यायची, असा हेमराजचा बेत होता, आणि बेत वाईट नव्हता. सगळं घर कामाला लागलं. हेमराज इंजिनात डोकं घालून बसे, रीता रेजमालनं गंज घाशी, आणि मागची फाटकी सीट रंभाबाईच्या वाट्याला आली.

सकाळच्या स्वच्छ उन्हात, अंगणात बसून तिनं त्या सीटचं रेक्झिन उसवलं. खाली फोम होता. फोमखाली पट्ट्या असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. लोखंडी चौकटीवर हिरव्या नायलॉनचं जाळं ताणून विणलेलं होतं.

"अवो, हे तं आपलंच काम!" ती हसून म्हणाली आणि तिनं जाळ्यावर हात ठेवला. मग ती एकेक गाठ चाचपू लागली.

उजव्या हातानं विणणाऱ्याची गाठ एका अंगाला पडते, डावखुऱ्याची दुसऱ्या अंगाला. गावात डावखुरा विणणारा एकच होता, तिचा नवरा सोमाजी. दोघं एका जाळ्यावर बसली की त्याचं कुठं संपलं आणि तिचं कुठं सुरू झालं हे डोळे मिटूनही कळायचं. त्यात सोमाजीच्या करंगळीला कधीकाळी शिंगाड्या मासोळीचा काटा लागला होता आणि ते बोट कायमचं ताठलं होतं, म्हणून सगळे चार बोटांनी जाळ्याचं घर मापत, तिथं तो तीन बोटांनी मापायचा. रंभाबाईनं आपली तीन बोटं त्या हिरव्या घरात घातली. थोडी सैल बसली. त्याची बोटं तिच्यापेक्षा जाड होती.

सोमाजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. वैनगंगेच्या पुरात त्याचा डोंगा उलटा सापडला, तो सापडला नाही. तीन वर्षं घरानं वाट पाहिली. मग हेमराजचं लग्न ठरत आलं, तेव्हा रीताच्या घरचे विचारू लागले की मुलाला बाप आहे की नाही ते एकदा सांगून टाका. म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला नारळाचं डोकं लावलं आणि तलावाच्या काठावर जाळला. हेमराजनं डोकं भादरून अग्नी दिला. तेरवी झाली. रंभाबाईनं बांगड्या फोडल्या. सुचवलं मोठ्या माणसांनी, पण "हो, करून टाका" हे शब्द तिचे होते. कुणी तिच्यावर जोर केला नव्हता. ती वाट पाहून थकली होती, एवढंच.

जायच्या आधीच कधीतरी विणलं असेल, तिनं मनाला समजावलं. लोकांच्या खाटा विणून द्यायचाच की तो. या विचारानं तिला जरा बरंही वाटलं. पण फोम खाली निसटू नये म्हणून जाळ्याला खालून एक सिमेंटचं पोतं ओवलेलं होतं, त्याच हिरव्या दोरीनं, त्याच उलट्या गाठींनी. पोत्यावर बारीक काहीतरी छापलेलं होतं.

"रीता, हे काय लिवलं आहे?"

"सिमेंट कधी भरलं ते आहे, आई. आठवडा बावीस, साल दोन हजार एकवीस."

"नीट वाच."

"एकवीसच आहे. काऊन?"

"ह्या गाठी तुया सासऱ्याच्या आहेत."

रीतानं रेजमाल बाजूला ठेवून आकडे परत वाचले. तिचं लग्न अठरा सालचं. ज्याला जाळल्यावर तिच्या हळदीचा मुहूर्त निघाला, त्या माणसानं तीन वर्षांनी हे पोतं ओवलं होतं.

दुपारी दोघी स्वयंपाकघरात असताना आचल त्या उघड्या जाळ्यावर जाऊन झोपली. उठून आली तेव्हा तिच्या डाव्या गालावर गाठींची रांग उमटलेली होती. रीतानं पदर ओला करून गाल पुसला, परत पुसला. वळ हळूहळूच गेले. पोर विचारत होती, काय लागलं आहे.

"भायेरचं आहे हे," ऐकून हेमराज म्हणाला. "नदीत गेलेल्याचं असंच होते. मी पुजाऱ्याले सांगतो. सीट जाळून टाकू."

"मुडदा गाठी मारते का गा?"

"तं काय बाबा जित्ता आहे म्हणतं तू?"

रंभाबाई उठून सीटजवळ जाऊन बसली. हेमराजचा राग येत होता आणि कीवही येत होती. भुतावर उपाय असतो. लिंबू असतं, कोंबडी असते, मंत्र असतो. बाप जिवंत निघाला तर त्यावर गावात कुणाकडे काही नव्हतं. अग्नी त्याच्या हातचा होता. बापाचं भूत झालेलं त्याला चालत होतं.

तिला मात्र चालत नव्हतं. आपण मेलेल्याला निरोप दिला की जिवंत माणसाला घराबाहेर काढलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळल्याशिवाय घास उतरणार नव्हता. दुसऱ्या सकाळी ती गडचांदूरला निघाली. रीता न विचारता बरोबर निघाली. चंद्रपूरला एसटी बदलली. सिमेंटच्या कारखान्यांमुळं गडचांदूरला झाडांची पानंसुद्धा पांढरी होती. व्हॅन विकणाऱ्यानं त्यांना खाणीच्या रस्त्यावर, लच्छू नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या टपरीवर पाठवलं.

"आठवते ना," लच्छू म्हणाला. "दुसऱ्या लाकडाऊनात आला होता. त्या निंबाखाली बसे. आधी माही खाट विणली, मंग गाडीची सीट. डाव्या हातानं. नाव पुसलं तं सांगे नाई. कुठून आला, इतकी वर्षं कुठी होता, काईच नाई."

"घराचं काई बोलला?" रंभाबाईनं विचारलं.

"एक डाव बोलला. म्हणे, घर आहे, पण तिथी माहीच तेरवी झाली. मी पाह्यली."

"काय पाह्यलं?" रंभाबाईनं विचारलं.

"म्हणे, घरीच चाललो होतो. तलावाच्या त्या काठापर्यंत आलो तं इकडे धूर. पोराचं डोस्कं भादरलेलं. तेरा दिवस लपून राह्यलो. तेरवीची पंगत उठली तवा परतलो. जेवून बसलेल्या लोकाईले काय सांगू, म्हणे."

रीतानं घाबरत विचारलं, "भाऊ, तो जेवत होता का?"

लच्छूनं तिच्याकडे नीट पाहिलं. प्रश्न त्याला कळला.

"भात नेऊन ठेवो मी. ताट रिकामं भेटे. पण कुत्रेबी होते इथी." त्यानं पायानं धुळीत रेघ ओढली. "ह्या धुळीत सारं उमटते, बाई. कुत्र्याचे पाय, चिमणीचे पाय. त्याच्या पायाचं उमटलेलं मी नाई पाह्यलं. पण मी तरी कुठी ध्यान देऊन पाह्यलं! एका सकाळी नोहोता. पैदल गेला असंल, अहेरी-सिरोंच्याकडे."

परतताना बसमध्ये दोघी एकमेकींना टेकून बसल्या. घरी रीतानं नवऱ्याला सगळं सांगितलं. हेमराजनं त्यातलं पायाच्या ठशांचं तेवढं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यानं सीट व्हॅनमध्ये घातली. त्या दोन दिवसांत इंजिन चालू झालं होतं, दारही सरकू लागलं होतं, पण त्याचा आनंद कुणी केला नाही. शेजारचा म्हातारा पुजारी पुढं बसला, सासू-सून मागं. गाडी तलावाच्या काठावर त्याच जागी थांबली, जिथं पानांचा माणूस जाळला होता. पुजाऱ्यानं सीट जमिनीवर ठेवली, लिंबू कापलं आणि रंभाबाईच्या हातात विळा दिला.

"मेलेल्याचं नाव घे अन् पयली गाठ काप, बाई. मंग पोरगा आग लावंल."

रंभाबाई खाली बसली. जाळ्यावर हात फिरवला. मग मान वर करून तलावापलीकडे पाहू लागली.

"हेमराज, तो त्या काठावर उभा होता."

"माय, पुरे."

"आपण जाळून राह्यलो तवा. तुयं डोस्कं पाह्यलं त्यानं अन् परतला. मीच हो म्हटलं होतं, तुया काई दोष नाई. पण आजबी तो तिथी उभा असंल तं?"

कुणी बघायचं नाही असं ठरवल्यासारखे सगळे क्षणभर खाली बघत राहिले. मग सगळ्यांनीच बघितलं. पलीकडे पळसाची दाट रांग होती. उन्हं उतरत होती आणि बुंध्यांच्या सावल्या पाण्यापर्यंत आल्या होत्या. तिथं माणूस उभा असता तरी इथून कळला नसता, आणि नसता तरी कळलं नसतं. रीतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, सासऱ्यासमोर घेतात तसा.

"दुसऱ्यांदा जाळतानाबी पाह्यलं त्यानं," रंभाबाई म्हणाली, "तं मंग तो कुठी जाईल?"

हेमराजच्या हातात आगपेटी होती. ती त्यानं एकदा उघडली, मिटली. मग तो उतारावरून खाली गेला आणि चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरला.

"बाबाऽ!"

मेलेल्याला अशी हाक कुणी मारत नाही. पुजारी दचकून दोन पावलं मागं सरला.

"बाबाऽ! मी हेमराज! घरी याऽ!"

हाक पाण्यावरून गेली. पलीकडून ना प्रतिसाद आला ना पडसाद. हेमराज तसाच उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. नऊ वर्षांत बापासाठी तो पहिल्यांदा रडत होता.

रंभाबाईनं विळा खाली ठेवला. सीटचं एक टोक तिनं उचललं, दुसरं रीतानं, आणि दोघींनी ती व्हॅनमध्ये होती तिथं बसवली. रंभाबाई आत चढून त्या उघड्या जाळ्यावर बसली.

"हेमराज, चाल," तिनं आतून हाक दिली. "फिरून त्या काठाले जाऊ. अन् हारन वाजवत चाल, त्याले कळू दे घरचे येऊन राह्यले म्हून."