बंगला चालवून दाखवा

जुलैत पायस तुस्कानोचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. प्रार्थनेसाठी नव्हे, पाण्यासाठी. बहारीनमध्ये सित्राला कंपनीचं यार्ड होतं, तिथली पाण्याची लाइन जमिनीवरून गेलेली आणि लोखंडाची. सकाळी नऊनंतर तिच्या पाण्यात अंडं उकडतं असं लोक म्हणत. पायसने एकदा खरंच ठेवून बघितलं. उकडलं नाही, पण कच्चंही राहिलं नाही. तेव्हा पावणेचारला उठून व्हॉल्व्ह उघडायचा, गाडीच्या पोटातली टाकी भरायची, साडेचारला बंद करायचा. सव्वापाचला साइटची बस.

गाडी म्हणजे त्याचं घर. एका गोऱ्या फोरमनने ती बोटीतून बहारीनला आणली होती. पुढे इंजिन, मागे पलंग, चूल, मोरी आणि संडास, सगळं एकवीस फुटांत. १९७९ मध्ये इंजिन बंद पडलं, फोरमन मायदेशी गेला आणि जाताना ती पायसला एका महिन्याच्या पगारात देऊन गेला. गोरे तिला मोटरहोम म्हणत. यार्डात सगळे 'पायसचा बंगला' म्हणत.

माणसाला अशा डब्यात राहायची हौस नसते. पायस गिरीजचा, वसईकडचा. काम पाइप फिटरचं. बहारीनमध्ये तो कंपनीच्या कॅम्पात राहायचा, एका खोलीत आठ जण. बायको मॅगी मनामाच्या एका हॉस्पिटलात नर्स. ती नर्सेसच्या हॉस्टेलात. कॅम्पात बाई चालत नाही, हॉस्टेलात पुरुष चालत नाही. लग्नाची नवराबायको एकाच देशात राहून शुक्रवारी मिसानंतर चर्चच्या आवारात भेटायची, हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन. बाक एकच, आणि त्यावर अर्धी वसई बसलेली. वर्षाचे बावन्न शुक्रवार. त्यातले निम्मे मॅगीच्या ड्युटीत जायचे.

हॉस्पिटलची मॅट्रन म्हणाली होती, नवऱ्याबरोबर बाहेर राहायचं तर राहा, पण घर दाखवा. घरभाडं दोघांच्या पगारात बसत नव्हतं. गाडी मिळाली आणि मॅगीने फॉर्मवर पत्ता लिहिला, 'सित्रा, यार्ड, दोन नंबर गेटच्या आत.' मॅट्रनने तो वाचून सही केली. बघायला आली नाही, हे बरं झालं.

त्या डब्यात राहणं म्हणजे रोजची मजुरी. सुरुवातीला पाणी कॅनने. वीस लिटरचा कॅन, वीस किलो वजन, नळापासून गाडीपर्यंत एकशे चाळीस पावलं, दिवसाला चार फेऱ्या. मॅगी आल्यावर आठ. छपराचा सांधा वर्षातून दोनदा खरवडून नव्याने भरायचा, कारण ऊन तो फोडतं आणि हिवाळ्यातला एकच पाऊस नेमका पलंगावर गळतो. खिडक्यांच्या फटीतली वाळू दर आठवड्याला ब्रशने काढायची. टायर उन्हात तडकू नयेत म्हणून त्यांना गोणपाट बांधायचं. गाडी जॅकवर, ते जॅक वाळूत खचले की चहा कपात तिरका दिसायचा. मग पुन्हा उचलायची.

आणि संडासाची टाकी. ती रोज सकाळी खालून ओढून काढायची आणि दोनशे पावलांवरच्या कॅम्पाच्या संडासात रिकामी करायची. वाटेत गॅरेज. तिथला मेकॅनिक मुनाफ श्रीवर्धनचा. तो रोज विचारायचा,

"काय पायसभाय, डबा घेऊन कुठे निघालात?"

"तुझ्याकडेच. झाकण उघडू?"

"नको नको. आज रोजा आहे माझा."

हे त्याने चार महिने सांगितलं. रोजे तीस दिवसांचेच असतात.

मॅगी आल्यावर चौथ्या महिन्यात पायसने कॅन आणि टाकी दोन्ही बंद केलं. यार्डाच्या मेन लाइनपासून अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप गाडीच्या टाकीपर्यंत नेला. संडासाखालून तीन इंची पाइप थेट गटाराच्या चेंबरला. दोन्ही गाडीच्या चॅसीला पट्ट्यांनी आवळले, खाली काँक्रीट ओतलं. चार शुक्रवार लागले. सूत गुंडाळून, सफेदा लावून प्रत्येक आटा असा घट्ट केला की तीन वर्षांत एक थेंब गळला नाही.

यार्डाचे इनचार्ज सदानंद लिमये, पुण्याचे. त्यांनी काँक्रीट बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. त्यांच्या रजिस्टरात यार्डातल्या प्रत्येक वस्तूची नोंद असायची. बंगल्याची नोंद होती, 'वाहन, खाजगी, एक.'

"तुस्कानो," ते म्हणायचे, "यार्डात वाहन उभं राहू शकतं. घर उभं राहू शकत नाही. तुमचं हे वाहन आहे. मी याहून जास्त काही बघितलेलं नाही."

"आभारी आहे साहेब."

"आणि तो कपडे वाळत घालायचा दोर काढा. वाहनाला दोर नसतो."

दोर काढला नाही. लिमयांनी तोही बघितला नाही. असं तीन वर्षं चाललं.

१९८२ च्या जुलैत कंपनीचा मॅनेजर बदलला. नव्या मॅनेजरची नोटीस लागली, शनिवारी यार्डाची तपासणी. जे वाहन स्वतःच्या इंजिनावर चालणार नाही, ते तोडून भंगारात जाईल. नोटीस लिमयांनी स्वतः आणून दिली. आठवडा मध्ये होता.

"गेटपासून वजनकाट्यापर्यंत आणि परत," लिमये म्हणाले. "चालवून दाखवायची. नाहीतर गॅस कटर. माझ्या हातात काही नाही, तुस्कानो."

मॅगीने नोटीस वाचली आणि भांडी घासायला घेतली. घासून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मी हॉस्टेल, तू कॅम्प."

"इंजिन चालू करतो."

"तीन वर्षं बंद आहे ते."

"मग आता त्याची झोप झाली असेल."

पायसला इंजिनातलं काही कळत नव्हतं. मुनाफला कळत होतं. संध्याकाळी सहा ते नऊ, पाच दिवस दोघांनी काम केलं. पिस्टन गंजून बसले होते. त्यात रॉकेल ओतून एक दिवस मुरवलं, मग पुलीला चार फुटी पान्याने हिसके दिले. बेचाळिसाव्या हिसक्याला फिरलं. पायसने मोजले होते, कारण पान्यावर तो होता. मुनाफ 'जोर लगाओ' म्हणत होता. कार्ब्युरेटरमध्ये पालीचं घर निघालं. अंड्यांसकट.

"ही पण तुमचीच भाडेकरू?" मुनाफ म्हणाला.

"भाडं देत नव्हती. काढ."

शुक्रवारी चर्चची मिसा चुकवून टायर भरले, जॅक काढले, बॅटरी उसनी आणली. दुपारी इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू झालं. मुनाफने बॉनेटवर थाप मारली, "खलास! उद्या वजनकाटा काय, पार मुहर्रकच्या विमानतळापर्यंत जाल." मॅगीने चहा केला. कपात चहा थरथरत होता. पायस तो थरथरता चहा बघत बसला आणि खूश होता.

शनिवारी सकाळी नऊला मॅनेजर आला. मागे रजिस्टर घेऊन लिमये, मुनाफ आणि बघे चाळीस-पन्नास. कॅम्पातले रात्रपाळीचे लोक झोप सोडून आले होते. पायस स्टिअरिंगवर, मॅगी मागे कपाटाची दारं धरून उभी. तिने त्या दिवशी रजा घेतली होती.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. टाळ्या पडल्या. पायसने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. बंगला अर्धा फूट पुढे सरकला आणि थांबला. पायसने ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागेवर फिरून वाळू उडवू लागली. खालून कण्हल्यासारखा आवाज आला.

मुनाफ वाकून खाली बघून उठला. "पायसभाय! बंगला जमिनीला शिवलाय!"

पाइप. पायस पाइप साफ विसरला होता. गळका पाइप माणूस विसरत नाही, रोज आठवण देतो. हा तीन वर्षांत एकदाही गळला नव्हता.

लिमये खाली बसून बघायला लागले. आता बघणं भागच होतं. "तुस्कानो, युनियन कुठे आहे?"

युनियन म्हणजे दोन पाइपांमधला सोडता येणारा सांधा. नट फिरवला की लाइन दोन मिनिटांत वेगळी होते. हाताखालच्या माणसांना पायस वीस वर्षं एकच शिवी देत आला होता, युनियन न घातल्याबद्दल. आणि स्वतःच्या लाइनवर त्याने घातलेला नव्हता.

"नाही घातला," तो म्हणाला.

"तुम्ही? फिटर असून?"

"युनियनच गळतो साहेब कधी ना कधी. आणि ही लाइन सोडायची नव्हती."

मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि लिमयांना इंग्रजीत विचारलं, हे वाहन आहे की घर? लिमये रजिस्टरात बघत म्हणाले, वाहन. मग पाच मिनिटं, मॅनेजर म्हणाला.

पायस हॅकसॉ घेऊन गाडीखाली आडवा झाला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम समोर होतं. दोन आट्यांच्या मध्ये करवत धरली आणि ओढायला लागला. अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप, ब्लेड नवं, साठ-पासष्ट हिसक्यांचं काम. चाळिसाव्याला त्याला आठवलं की आज धांदलीत व्हॉल्व्ह बंद करायचा राहिलाय. एक्केचाळिसाव्याला पाइप फुटला.

वेळ सकाळी नऊची, महिना जुलै. अंडं अर्धं शिजवणारं पाणी फवाऱ्याने बाहेर आलं आणि वाकून बघणाऱ्या लिमयांच्या कमरेखाली बसलं. पुण्याच्या माणसाच्या तोंडून इतकी मोकळी मराठी यार्डात पूर्वी कुणी ऐकली नव्हती. वसईवाल्यांनाही दोन शब्द नवे होते.

मुनाफ धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करून आला. राहिला तीन इंची. त्याला वेळ नव्हता. पायसने पट्टी कापली आणि सांध्यावर टाचेने लाथ मारली. तिसऱ्या लाथेला तो निखळला, आणि आतलं सकाळचं जे होतं ते बाहेर आलं. मॅनेजर पाच पावलं मागे सरकला. बघे पंधरा.

"आता सोडा!" मुनाफ नाक धरून ओरडला. "यल्ला!"

पायस ओल्या कपड्यांनी स्टिअरिंगवर बसला. बंगला हलला. काँक्रीटचा एक लोंबता तुकडा फरफटत वजनकाट्यापर्यंत गेला. एकशे ऐंशी पावलं. वळला, परत आला. आत भांड्यांचा असा आवाज की लग्नाची वरात वाटावी. टाळ्या, शिट्ट्या. मॅगीने खिडकीतून हात हलवला.

मॅनेजर पुढे आला. चालते, तो म्हणाला, छान. मग चालवत बाहेर घेऊन जा. यार्ड कंपनीच्या गाड्यांसाठी आहे.

पायसने लिमयांकडे बघितलं. "साहेब, नोटिशीत..."

लिमयांनी रजिस्टर ओल्या पँटपुढे धरलं होतं. "नोटिशीत न चालणाऱ्याचं लिहिलंय. चालणाऱ्याचं काहीच लिहिलेलं नाही. मी आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं, तुस्कानो."

इंजिन चालू होतं. पायसने ते बंद केलं नाही, कारण पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. कुठे जायचं हेही माहीत नव्हतं. मॅनेजर पुढच्या क्रेनकडे गेलासुद्धा.

"पायस," मागून मॅगी म्हणाली, "बसलास काय? सनद गावाला घे."

"सनदला कोण आहे आपलं?"

"खदिजाम्मा. पाय सडला होता, दोन महिने मी ड्रेसिंग केलं. तिच्या घरामागे कुंपणाची जागा आहे, तीन खजुरांची. उभी करा म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"गुरुवारी. मी जाऊन विचारून आले."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू इंजिन केलं असतंस? आणि तुझ्या इंजिनाच्या भरवशावर मी संसार टाकला असता? वेडी आहे मी?"

गेट लिमयांनी स्वतः उघडलं. मुनाफ पिकअपमध्ये पाण्याचे सहा कॅन घेऊन मागे. सित्राच्या पुलावर इंजिन तापून दोनदा थांबलं, दोनदा मुनाफने पाणी ओतलं. मागच्या ट्रकवाल्यांनी चार भाषांत शिव्या दिल्या. सनदला पोचायला दोन तास लागले. चालत गेलं असतं तर पायस आधी पोचला असता.

खदिजाम्मा काठी टेकत बाहेर आली. गाडीला एक फेरी मारून मॅगीला म्हणाली ते एवढंच, की भाडं थोडं घेईन, पण माझ्या घरातले सगळे गळके नळ हा नीट करील. नळ अकरा होते. पायसने दोन शुक्रवारांत केले.

पाणी पुन्हा कॅनवर आलं. नळ जवळ होता, साठच पावलं. संडासाची टाकीही पुन्हा हातात. इथे विचारायला मुनाफ नव्हता, खदिजाम्माची बकरी होती. मॅगीने मॅट्रनला नवा पत्ता दिला. अडलं ते विजेवर. यार्डात ती कंपनीची होती, इथे खदिजाम्माच्या घरातून वायर ओढलेली. गाडीतला जुना एसी पुलावरच्या धक्क्यांनी मेला. सेकंडहँड एक आणला, तो लावताच खदिजाम्माच्या घराचा फ्यूज उडाला आणि तिच्या फ्रिजमधलं मटण गेलं. दुसऱ्यांदा उडाला तेव्हा तिने काठी उचलली. सप्टेंबर संपेपर्यंत दोघं गाडीच्या छपरावर झोपली. मॅगी रात्रपाळी मागून घ्यायला लागली, कारण वॉर्डात एसी होता. नवरा छपरावर, बायको वॉर्डात. यार्ड सोडून पुन्हा तेच झालं होतं, फक्त शेंगदाणे नव्हते.

तेव्हा पायसने दर शुक्रवारचा ओव्हरटाइम घेतला. मॅगीने रजा विकली. गिरीजहून भावाची पत्रं यायची, घराचा पाया कधी घालतोस. पायस लिहायचा, कामात आहे. आठ महिने तो सकाळी साइटवर पाइप चढवायचा, संध्याकाळी सनदच्या वाळूत केबलसाठी चर खणायचा. बहात्तर फूट लांब, दोन फूट खोल, एकट्याने.

१९८३ च्या जूनमध्ये त्या दोघांच्या पगाराने हे आणलं: रस्त्यावरच्या खांबापासून खजुरांपर्यंतची वेगळी केबल, खजुराच्या बुंध्याजवळ एक मीटर आणि खोक्यातून काढलेला कोरा दीड टनी एसी. पहिल्याच शुक्रवारी दुपारी एक वाजता त्यांनी तो चालू केला, दाराला आतून कडी घातली, आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडली नाही.